आघाडीची फळी आणि महाराष्ट्रातील मुली : मॉस्को (१९८०) ते हांगझोऊ (२०२५)

प्रस्तावना

दिनांक २६ जानेवारी २०२५ रोजी रांची येथील मरांग गोमके जयपालसिंग मुंडा मैदानावर पहिल्या महिला हॉकी इंडिया लीगचा अंतिम सामना झाला. ओडिशा वॉरियर्स या संघाने सूरमा हॉकी क्लबचा २-१ असा पराभव करून विजेतेपद मिळविले. विजयी संघाचे दोन्ही गोल एकाच खेळाडूने केले. एक पूर्वार्धात, विसाव्या मिनिटाला. दुसरा अखेरच्या सत्रात, ५६व्या मिनिटाला, सामना बरोबरीत असताना. धावफलकावर तिचे नाव 'ऋतुजा दादासो पिसाळ' असे झळकले. मूळची सातारा जिल्ह्यातील ही आघाडीपटू त्याच वर्षी वरिष्ठ भारतीय संघातून आशिया चषक खेळली.

'दादासो' हा शब्द आपल्याकडच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात 'साहेब' या प्रत्ययाचे लेखनात 'सो' होते आणि दाखल्यावर ते तसेच कायम राहते. भारतीय कनिष्ठ संघातून खेळलेल्या अक्षता ढेकळे हिचे मधले नाव 'आबासो' असे आहे. शाळेच्या हजेरीपटावरील हा संक्षेप आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या अधिकृत यादीत जसाच्या तसा गेला आहे. परदेशी समालोचकांची जीभ तेथे अडखळते. परंतु क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्या तीन अक्षरांत मोठा मजकूर आहे. महिला हॉकीच्या भारतीय संघात महाराष्ट्रातून कोण जात होते आणि आता कोण जात आहे, यातील फरक त्या अक्षरांवरून कळतो.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच फरक होय. एका आघाडीपटूची कारकीर्द तिच्या मनगटातील कौशल्याइतकीच तिला मैदानावर कोणी येऊ दिले, कोणत्या पृष्ठभागावर तिने सराव केला आणि तिच्या जेवणाखाण्याची व पुढील पोटापाण्याची सोय कोणी केली यांवर उभी असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी १९८० चा मॉस्को ऑलिंपिक संघ आणि २०२० नंतरचा काळ ही दोन टोके घेतली आहेत. मधली वर्षे त्रोटकपणे येतात.

मॉस्को, १९८०

महिलांच्या हॉकीला ऑलिंपिकमध्ये प्रथम स्थान मिळाले ते १९८० साली मॉस्को येथे. अफगाणिस्तानातील सोव्हिएत लष्करी हस्तक्षेपाच्या निषेधार्थ अनेक देशांनी त्या स्पर्धेवर बहिष्कार घातला. नेदरलँड्स, पश्चिम जर्मनी, ऑस्ट्रेलिया, ग्रेट ब्रिटन हे महिला हॉकीतील प्रबळ संघ उतरले नाहीत. प्रत्यक्ष मैदानावर सहा संघ आले : झिंबाब्वे, चेकोस्लोव्हाकिया, सोव्हिएत संघ, भारत, ऑस्ट्रिया आणि पोलंड. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळावयाचे आणि गुणांवरून क्रम ठरवावयाचा, अशी साखळी पद्धत होती. विजयास दोन गुण, बरोबरीस एक.

भारताने ऑस्ट्रियाला २-० आणि पोलंडला ४-० असे हरविले. चेकोस्लोव्हाकियाकडून १-२ अशी हार पत्करली, झिंबाब्वेशी १-१ बरोबरी केली आणि सोव्हिएत संघाकडून १-३ असा पराभव झाला. एकूण गुण पाच, स्थान चौथे. झिंबाब्वे आठ गुणांसह सुवर्णपदकाचा मानकरी ठरला, चेकोस्लोव्हाकियाला सात, सोव्हिएत संघाला सहा गुण मिळाले.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाण्याजोगे नाहीत. सोव्हिएत संघाविरुद्धचा सामना बरोबरीत सुटला असता तर भारताचे सहा आणि सोव्हिएत संघाचे पाच गुण झाले असते. म्हणजे कांस्यपदक भारताकडे आले असते. पदक आणि चौथे स्थान यांत दोन गोलांचे अंतर होते. स्वतः सुवर्णविजेत्या झिंबाब्वेला त्या स्पर्धेत केवळ दोन संघ रोखू शकले, त्यांपैकी एक भारत होता. झिंबाब्वेची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. एप्रिल १९८० मध्ये स्वतंत्र झालेल्या त्या देशाला स्पर्धेच्या जेमतेम काही आठवडे आधी निमंत्रण गेले, संघ घाईने निवडला गेला आणि तरीही तो सुवर्णपदक घेऊन परतला. क्रीडाविषयक लेखनात ही कहाणी वारंवार येते. त्याच संघाला बरोबरीत रोखणाऱ्या भारतीय मुलींचा उल्लेख मात्र सहसा एका ओळीतच आटोपतो.

त्याला एक कारण आहे. त्याच मॉस्कोत व्ही. भास्करन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय पुरुष संघाने स्पेनला अंतिम सामन्यात ४-३ असे नमवून सुवर्णपदक मिळविले. एका घरात दोन मुलांचे निकाल एकाच दिवशी लागावेत आणि पहिल्याच्या पेढ्यांत दुसऱ्याची गुणपत्रिका कोणी पाहू नये, तसे महिला संघाचे झाले.

संघाची कर्णधार रूपा सैनी होती. सोळा जणींची यादी वाचताना महाराष्ट्रातील वाचकाची नजर काही नावांवर थांबते. पुण्याची एलिझा नेल्सन, मुंबईची सेल्मा डिसिल्वा, पुढे रेखा भिडे या नावाने प्रशिक्षक व निवडसमितीच्या कामात परिचित झालेली रेखा मुंडफन, तसेच मार्गारेट टोस्कानो, नाझलीन मद्रासवाला, हुतोक्षी बगली. पारशी आणि ख्रिस्ती आडनावांचे प्रमाण सहज लक्षात येते. हा योगायोग नाही. भारतातील महिला हॉकीचा आरंभ ज्या वर्तुळांत झाला, त्यांत मिशनरी शाळा, लष्करी छावण्यांलगतच्या वसाहती, रेल्वेच्या वसाहती आणि शहरी जिमखाने यांचा समावेश होता. महिलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेच्या चषकाला लेडी रतन टाटा यांचे नाव आहे, हेही या वर्तुळाचेच चिन्ह म्हणावे लागेल. हॉकीसाठी अर्जुन पुरस्कार मिळविणारी पहिली महिला ॲन लम्सडेन (१९६१). तिच्या पाठोपाठ १९६५ मध्ये हा पुरस्कार मिळविणाऱ्या एल्वेरा ब्रिटोच्या नेतृत्वाखाली म्हैसूरच्या संघाने १९६० ते १९६७ या काळात सात राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. या घराघरांत मुलीने हाती स्टिक घेणे, आखूड स्कर्ट घालून सर्वांसमोर धावणे, सामन्यासाठी परगावी मुक्काम करणे या गोष्टींना आडकाठी नव्हती. बहुसंख्य मराठी मध्यमवर्गीय आणि शेतकरी कुटुंबांत ती होती. त्यांच्या मुली खेळल्या तर खो-खो खेळल्या, कबड्डी खेळल्या. तेही शाळा सुटेपर्यंत.

खेळ पुढे चालू ठेवण्याचे साधन म्हणजे रेल्वे. खेळाडूला नोकरी, प्रवासाची सोय आणि सरावासाठी वेळ देणारी ती देशातील सर्वांत मोठी संस्था होती; राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेच्या महिला संघाने दीर्घकाळ जे वर्चस्व गाजविले त्याचे मूळ येथे आहे. मध्य रेल्वेच्या विभागीय कार्यालयाचे गाव असलेल्या सोलापुरात राहणाऱ्यांना रेल्वे वसाहत, रेल्वेचे मैदान, रेल्वेची 'इन्स्टिट्यूट' यांचे सामाजिक स्थान वेगळे सांगावयास नको. शहराच्या उरलेल्या जीवनापासून ते जग काहीसे अलग, स्वतःच्या नियमांनी चालणारे असे. महिला हॉकीही तशीच होती. शहरात असूनही शहराची नव्हती.

दिल्ली, १९८२

मॉस्कोतील चौथ्या स्थानाचे चीज दोन वर्षांनी झाले. दिल्लीतील १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला हॉकीचा प्रथमच समावेश झाला आणि एलिझा नेल्सनच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक जिंकले. आघाडीच्या फळीत राजबीर कौर या तरुण खेळाडूने गोलांचा सपाटा लावला. नेल्सन हिला १९८३ मध्ये 'पद्मश्री' मिळाली.

परंतु '१९८२ ची एशियाड हॉकी' असे शब्द उच्चारताच त्या पिढीतील कोणालाही काय आठवते? पुरुष संघाचा पाकिस्तानकडून अंतिम सामन्यात झालेला १-७ असा पराभव. त्या सात गोलांवर लेख लिहिले गेले, चर्चा झाल्या, एका गोलरक्षकाचे आयुष्य त्यात होरपळले आणि पुढे त्या दुःखाची छाया पडलेला 'चक दे! इंडिया' (२००७) हा चित्रपटही आला. चित्रपट महिला हॉकीवर आहे, हे येथे मुद्दाम नमूद करावेसे वाटते. म्हणजे पुरुषांच्या पराभवाचे क्षालन पडद्यावरील महिला संघाने करावयाचे. आणि त्याच स्पर्धेत, त्याच शहरात, पुण्याच्या कर्णधाराने प्रत्यक्ष जिंकलेले सुवर्णपदक मात्र कोणाच्या ध्यानी राहिले नाही. वर्गात या विषयावर बोलताना विद्यार्थ्यांना भारतीय महिला हॉकी खेळाडूंची नावे विचारली की प्रारंभी चित्रपटातील पात्रांची नावे येतात, असा अनुभव आहे. त्या चित्रपटात महाराष्ट्राची म्हणून बिंदिया नाईक हे पात्र आहे. प्रत्यक्षात त्यानंतरच्या काळात काय घडले हे पुढे येईल.

आघाडीपटूचे काम : नियम आणि पृष्ठभाग

येथे थोडे विषयांतर वाटले तरी खेळाच्या तांत्रिक बाजूकडे वळणे आवश्यक आहे. सेल्मा डिसिल्वाच्या पिढीतील आघाडीपटू आणि ऋतुजा पिसाळ यांच्या कारकिर्दींची तुलना नुसत्या गोलसंख्येवरून करणे अन्यायाचे ठरेल, कारण दोघींना खेळावा लागलेला खेळ एकच नव्हता.

जुन्या पद्धतीत आघाडीच्या फळीत पाच जणी असत : मध्यभागी सेंटर फॉरवर्ड, तिच्या दोन्ही बाजूंस इनसाइड आणि कडेला आउटसाइड. गवताच्या मैदानावर चेंडू उडे, थबके, खळग्यात वळे. अशा मैदानावर चेंडू स्टिकला चिकटवून ठेवणे, मनगटाच्या हलक्या वळणाने समोरच्या बचावपटूला चकविणे या कौशल्याला मोल होते. आणि भारतीय, तसेच पाकिस्तानी, खेळाडूंची ख्याती त्यासाठीच होती. हॉकीची स्टिक एकाच बाजूने सपाट असते, डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते. त्यामुळे उजव्या कडेची खेळाडू धावता धावता सहज आत चेंडू मारू शके. डाव्या कडेच्या खेळाडूला मात्र चेंडूभोवती पाय फिरवून, शरीर वळवून मग फटका मारावा लागे. ते अर्धे क्षणाचे वळण म्हणजे बचावपटूला मिळालेली संधी. आउटसाइड लेफ्टच्या जागेवर नाव मिळविणे अवघड समजले जाई ते त्यामुळे. शिवाय ऑफसाइडचा नियम होता. प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीच्या पलीकडे जाऊन चेंडूची वाट पाहत उभे राहण्याची मुभा आघाडीपटूला नव्हती. तिला आपली धाव आणि सहकाऱ्याचा पास यांचा मेळ क्षणाच्या हिशेबाने घालावा लागे. संपूर्ण सत्तर मिनिटे मैदानावर राहावे लागे ते वेगळेच. बाहेर येऊन दम खाऊन पुन्हा आत जाण्याची सोय तेव्हा नव्हती.

हे सर्व क्रमाक्रमाने बदलले. मॉन्ट्रियल ऑलिंपिकपासून (१९७६) कृत्रिम पृष्ठभाग आला आणि मॉस्कोत महिलांचे सामनेही कृत्रिम पृष्ठभागावरच झाले. नव्या पृष्ठभागावर चेंडू सरळ, वेगाने आणि विश्वासाने धावतो. चकविण्यापेक्षा वेगाने पास देणे आणि मोकळ्या जागेत शिरणे फायद्याचे ठरू लागले. १९९२ पासून खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ऑफसाइडचा नियम प्रथम प्रयोगादाखल आणि १९९८ मध्ये कायमचा रद्द झाला. २००९ मध्ये फ्री हिट स्वतःच पुढे नेण्याची परवानगी आली. २०१५ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत पस्तीस मिनिटांच्या दोन अर्धांऐवजी पंधरा मिनिटांची चार सत्रे झाली.

परिणाम असा, की आजची आघाडीपटू सलग काही मिनिटे जीव तोडून धावते, बाहेर येते, पुन्हा जाते. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की पहिली अडवणूक तिलाच करावी लागते. गोल मात्र पूर्वीप्रमाणेच चौदा मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर त्रिज्येच्या 'डी'च्या आतूनच करावयाचा असतो. तेवढ्या जागेत तीन बचावपटू, एक गोलरक्षक आणि निर्णयासाठी एखाद्या श्वासाइतका वेळ. हे काम करणारे शरीर वर्षानुवर्षांच्या पद्धतशीर सरावाने, पुरेशा प्रथिनयुक्त आहाराने आणि कृत्रिम पृष्ठभागावरील हजारो तासांनीच घडते. आठवड्यातून दोनदा जिमखान्यावर येऊन, उरलेल्या वेळी नोकरी करून असे शरीर घडविता येत नाही.

येथेच मुंबई-पुण्याच्या जुन्या वर्तुळाची मर्यादा उघड झाली. कृत्रिम मैदान हा कोट्यवधींचा खर्च. तो क्लबला किंवा शाळेला झेपणारा नव्हता. त्याच सुमारास त्या वर्तुळातील अनेक कुटुंबे स्थलांतरित झाली, मुलींसमोर शिक्षणाचे व नोकऱ्यांचे अन्य मार्ग खुले झाले. हरियाणातील शाहाबाद, ओडिशा-झारखंडमधील सुंदरगड, सिमडेगा, खुंटी, मणिपूर या ठिकाणांहून खेळाडूंचा नवा ओघ आला. २००२ मध्ये मँचेस्टर येथील राष्ट्रकुल स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध सुवर्णपदक जिंकून देणारा गोल हरियाणाच्या ममता खरबने केला. ज्या राज्यांनी वा संस्थांनी लहान वयातील मुलींना निवासाची सोय, प्रशिक्षक आणि मैदान एकत्र दिले, तेथून आघाडीपटू घडल्या. रानी रामपाल हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण.

महाराष्ट्राची स्थिती दोन याद्यांवरून समजते. छत्तीस वर्षांच्या खंडानंतर भारतीय महिला २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला पात्र ठरल्या आणि बाराव्या आल्या. त्या संघात महाराष्ट्रातील एकही खेळाडू नव्हती. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारत पुन्हा चौथा आला, म्हणजे मॉस्कोचीच पुनरावृत्ती. त्याही संघात महाराष्ट्रातील एकही खेळाडू नव्हती. मॉस्कोच्या यादीशी ही तुलना करून पाहिली म्हणजे काय गमावले गेले ते कळते. पडद्यावरची बिंदिया नाईक तेवढी शिल्लक राहिली.

प्रबोधिनीची वाट

महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये क्रीडा प्रबोधिनी ही योजना सुरू केली. ग्रामीण भागातील लहान मुलांच्या शारीरिक चाचण्या घ्यावयाच्या, गुणवत्ता दिसेल त्यांना निवासी केंद्रात आणून शिक्षण आणि क्रीडा प्रशिक्षण एकत्र द्यावयाचे, असे तिचे स्वरूप. पुण्यात बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल होतेच. या योजनेवर टीकाही बरीच झाली आहे आणि त्यातील काही रास्त आहे : केंद्रांचा दर्जा असमान राहिला, प्रशिक्षकांच्या नेमणुका रखडल्या. परंतु महिला हॉकीपुरते पाहता तिचे एक वैशिष्ट्य नोंदविले पाहिजे. येथे मुलगी खेळ निवडत नाही. चाचणीतील तिची धाव, उडी, लवचीकता पाहून खेळ तिला निवडतो. ज्या गावात हॉकीची स्टिक कोणी पाहिलेली नाही, त्या गावातील मुलगीही हॉकीपटू होऊ शकते ती याच मार्गाने. जिमखान्याच्या जगात हे शक्य नव्हते. तेथे खेळ आईकडून, मावशीकडून, शाळेतील सिस्टरकडून मुलीकडे येत असे.

सातारा जिल्ह्यातील फलटण तालुक्याने या मार्गाचा जणू राजमार्ग केला. आसू येथील वैष्णवी फाळके आणि वाखरी येथील अक्षता ढेकळे या दोघी शेतकरी कुटुंबांतील. दोघीही पुण्याच्या प्रबोधिनीत घडल्या. अक्षता २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पॉचेफस्ट्रूम येथे झालेल्या कनिष्ठ विश्वचषकात खेळली. भारत तेथे चौथा आला. वैष्णवी २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या वरिष्ठ संघात होती. आणि त्याच वर्षी जूनमध्ये जपानमधील काकामिगाहारा येथे भारताने दक्षिण कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवून महिलांचा कनिष्ठ आशिया चषक प्रथमच जिंकला, तेव्हा त्या संघात वैष्णवी फाळके, मानश्री शेडगे आणि ऋतुजा पिसाळ अशा महाराष्ट्राच्या तिघी होत्या. फाळके, शेडगे, पिसाळ, ढेकळे. मॉस्कोच्या यादीशेजारी ही आडनावे ठेवली की चार दशकांत झालेले सामाजिक स्थित्यंतर दिसते. त्याला वेगळे भाष्य लागत नाही.

ऋतुजा पिसाळ : गोल आणि त्यांचे संदर्भ

आघाडीपटूच्या कारकिर्दीची नोंद अखेर गोलांच्या रूपाने होते, म्हणून तिच्या काही गोलांकडे पाहू. कनिष्ठ गटात ती २०२३ च्या अखेरीस चिलीतील सँटियागो येथे झालेल्या विश्वचषकातही खेळली. भारताला तेथे नववे स्थान मिळाले. कनिष्ठ गटाची वयोमर्यादा ओलांडल्यावर बहुसंख्य खेळाडू मागे पडतात. वरिष्ठ संघात आघाडीच्या जागा थोड्या आणि वंदना कटारिया, नवनीत कौर, लालरेमसियामी, संगीता कुमारी यांसारख्या अनुभवी स्पर्धक त्यासाठी उभ्या. या वळणावर जे व्यासपीठ लागते ते तिला महिलांच्या लीगने दिले. पुरुषांसाठी हॉकी इंडिया लीग २०१३ मध्येच सुरू झाली होती; महिलांना त्यासाठी आणखी बारा वर्षे थांबावे लागले. चारच संघांची, दोन आठवड्यांची ही स्पर्धा. परंतु तिच्यात ऑलिंपिकपटू परदेशी खेळाडूंबरोबर आणि विरुद्ध खेळावे लागते, सामने दूरचित्रवाणीवर दाखविले जातात आणि निवडसमिती समोर बसलेली असते. अशा स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दोन गोल करणे ही नुसती कामगिरी राहत नाही. तो अर्ज असतो आणि शिफारसपत्रही.

सप्टेंबर २०२५ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशिया चषकात सलीमा टेटेच्या नेतृत्वाखालील संघात तिची निवड झाली. गटातील कठीण सामना जपानशी होता. दहाव्या मिनिटाला भारताचा पहिला गोल ऋतुजाने केला. जपानने आघाडी घेतल्यावर नवनीत कौरने अखेरच्या क्षणी बरोबरी साधली, २-२. पुढील फेरीत दक्षिण कोरियाविरुद्धचा ४-२ हा विजय महाराष्ट्रातील अभ्यासकाने विशेष जपून ठेवावा असा आहे. भारताचा पहिला गोल दुसऱ्याच मिनिटाला वैष्णवी फाळकेने केला आणि चौथा, सामना संपता संपता, ऋतुजा पिसाळने. सामन्याची सुरुवात आणि शेवट, दोन्ही सातारा जिल्ह्याकडे. अंतिम सामन्यात यजमान चीनने भारताला ४-१ असे हरविले. रौप्यपदक हाती आले. विजेत्याला विश्वचषकाची थेट जागा मिळणार होती, ती हुकली.

या यशाचे वर्णन करताना हात आखडता घेतला पाहिजे, हेही तितकेच खरे. त्याच वर्षी भारतीय महिला संघ प्रो लीगमध्ये तळाशी राहून त्या स्पर्धेतून खाली गेला होता. त्याआधी २०२४ च्या जानेवारीत रांचीलाच जपानकडून ०-१ असे हरल्याने पॅरिस ऑलिंपिकची पात्रता गेली होती. म्हणजे ऋतुजाचा उदय संघाच्या भरभराटीच्या काळात झालेला नाही. पडत्या काळात नव्या आघाडीपटूंना संधी मिळते खरी, पण त्यांच्यावर ओझेही अधिक पडते.

कालव्याच्या अलीकडे आणि पलीकडे

सोलापूर जिल्ह्यातील वाचकांसाठी एक भौगोलिक बाब नोंदवून हा लेख थांबवितो. फलटण तालुक्याची पूर्व सीमा आपल्या माळशिरस तालुक्याला भिडलेली आहे. नीरा उजवा कालवा फलटणच्या उसाला पाणी पाजून पुढे माळशिरसच्या उसालाच येतो. माती तीच, पीक तेच, घरातील मुलीच्या लग्नाविषयीची घाई आणि तिच्या शिक्षणाविषयीची नवी ओढ हीही जवळपास तीच. खो-खोमध्ये वेळापूरसारख्या गावाने स्वतःची परंपरा उभी केली आहे. म्हणजे धावणाऱ्या, चकविणाऱ्या, चटकन वळणाऱ्या मुली येथे नाहीत असे म्हणता येणार नाही. खो-खोतील अचानक दिशा बदलण्याची सवय आणि 'डी'मध्ये बचावपटूला चुकविण्यासाठी लागणारे वळण यांत शरीराच्या दृष्टीने बरेच साम्य आहे.

तरीही आंतरराष्ट्रीय महिला हॉकीत आसू आणि वाखरीची नावे आली. कालव्याच्या एका बाजूला शारीरिक चाचणीची बातमी कोणत्या शिक्षकाने मुलींपर्यंत पोहोचविली, कोणत्या पालकाने दहा-बारा वर्षांच्या मुलीला पुण्याच्या वसतिगृहात पाठविण्यास होकार दिला, पहिली गेलेली मुलगी सुटीत घरी आल्यावर शेजारच्या मुलीला काय सांगत होती, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही दप्तरात सापडणार नाहीत. ती त्या गावांत, माणसांच्या तोंडी आहेत आणि सांगणारी माणसे आज हयात आहेत. मॉस्कोच्या पिढीबाबत आपण तेवढी तत्परता दाखविली नाही. सेल्मा डिसिल्वाने किती गोल केले हे विचारणाऱ्याला आज जुन्या वृत्तपत्रांच्या धारिका चाळाव्या लागतात आणि तेथेही अनेकदा गोल करणारीचे नाव नसते, फक्त निकाल असतो. आपल्या महाविद्यालयांतील इतिहास आणि शारीरिक शिक्षण या दोन विभागांच्या खोल्या बहुधा एकाच इमारतीत असतात. ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन नातेपुते ओलांडले की फलटणची हद्द लागते.